टस्कीगीचा विमानतळ

श्रोतेहो, टस्कीगी हें नांव मराठी घरांना अगदींच परकें नाहीं. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें पुस्तक आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. तें वाचलेल्यांच्या डोळ्यांपुढें टस्कीगी म्हणतांच अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा राज्य उभें राहतें. कापसाच्या पिकानें निकस झालेली तेथील जमीन, बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं कृष्णवर्णीय मुलांसाठीं चालू केलेली तेथील शिक्षणसंस्था, आणि त्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत भुईमूग व रताळीं यांवर आयुष्य वेंचणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, हें सारें चित्र मनांत येतें. आज मी आपणांस त्याच गांवची एक हकीकत सांगणार आहें; परंतु ती जमिनीची नव्हे, आकाशाची आहे. कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजीं वारले. त्यांच्या अखेरच्या दीड वर्षांत टस्कीगीच्या आभाळांत लष्करी विमानें घिरट्या घालूं लागलीं होतीं, आणि तीं चालवावयास शिकणारे तरुण होते गुलामगिरींतून सुटलेल्या माणसांचे नातू-पणतू.

विमानविद्या शिकविणारे लष्करी तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जगभर शेंकड्यांनीं निघाले, आणि युद्ध संपतांच त्यांतले बहुतेक मोडलेहि. टस्कीगीचा तळ त्यांतलाच एक. सुमारें पांच वर्षें तो चालला आणि बंद झाला. तरीहि त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे, कारण तो तळ ज्या अटीवर उभा राहिला, ती अट मोठी विचित्र होती. अमेरिकेच्या सरकारनें आपल्याच कृष्णवर्णीय नागरिकांना सांगितलें कीं, तुम्हांला लष्करी वैमानिक होतां येईल. मात्र तुमची शाळा वेगळी राहील, तुमचें पथक वेगळें राहील, आणि तुमचें भोजनगृहहि वेगळें राहील. आपल्या भाषेंत पंक्तिप्रपंच असा एक शब्द आहे. घरच्या कार्याला बोलवावें आणि पान मात्र बाहेर ओटीवर मांडावें, तसा हा प्रकार होता. बोलावलेल्यानें त्या पानावर बसावें, कीं ताठ मानेनें उठून जावें? टस्कीगीच्या इतिहासाचा गाभा या एका प्रश्नांत आहे.

आतां, हें ओटीवरचें पान तरी सहजासहजीं मांडलें गेलें असें नाहीं. पहिल्या महायुद्धांत यूजीन बुलार्ड नांवाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन फ्रान्सच्या बाजूनें विमानांतून लढला. पुढें अमेरिका युद्धांत उतरल्यावर त्यानें स्वदेशाच्या विमानदलांत येण्याची इच्छा दर्शविली. त्याला घेतलें नाहीं. बेसी कोलमन या तरुणीला अमेरिकेंत कोणी विमान चालवावयास शिकवीना, म्हणून ती फ्रेंच भाषा शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ सालीं तेथून वैमानिकाचा परवाना घेऊन परतली. परंतु असल्या उदाहरणांनीं लष्करी अधिकाऱ्यांचें मत बदललें नाहीं. १९२५ सालीं अमेरिकन सैन्याच्या उच्च युद्धविद्यालयांत एक अहवाल तयार झाला. कृष्णवर्णीय मनुष्याच्या अंगीं बुद्धि, धैर्य आणि नेतृत्व हे गुण स्वभावतःच कमी असतात, असें त्यांत शास्त्राचा आव आणून म्हटलें होतें. हें मत एखाद्या वर्तमानपत्री लेखकाचें असतें तर त्याची कोणी फारशी तमा बाळगली नसती. परंतु सैन्याचें धोरण ज्यांच्या हातीं होतें, त्यांचेंच तें मत होतें. त्यामुळें पुढील पंधरा वर्षें विमानदलाचें दार बंदच राहिलें.

त्या काळाची खरी कल्पना यावयास चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन यांची गोष्ट पुरेशी आहे. पेनसिल्व्हानियांतील या तरुणाला विमानाचें वेड होतें. पण त्याला शिष्य म्हणून कोणी पतकरीना, आणि कोणी विमान भाड्यानेंहि देईना. शेवटीं मित्रांकडून व आप्तेष्टांकडून कर्ज काढून त्यानें एक जुनें विमान स्वतःच विकत घेतलें. कांहीं स्वतःच्या धडपडीनें, कांहीं इतरांना विचारून तो तें चालवूं लागला, आणि १९२९ सालीं त्यानें परवाना मिळविला. पुढें जर्मनीहून येऊन अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका वैमानिकानें त्याला रीतसर शिकविलें व १९३२ सालीं त्याच्या हातीं व्यावसायिक वैमानिकाचा परवाना पडला.

१९३९ सालीं युरोपवर युद्धाचें सावट पडलें, तेव्हां अमेरिकन सरकारनें महाविद्यालयांच्या द्वारें नागरी वैमानिक तयार करण्याची योजना हातीं घेतली. कृष्णवर्णीयांच्या कांहीं संस्थांनाहि तींत जागा मिळाली; टस्कीगी ही त्यांपैकीं एक. आरंभीं संस्थेजवळ योग्य मैदान नव्हतें, आणि उड्डाणासाठीं विद्यार्थ्यांना सुमारें चाळीस मैलांवरील माँटगोमेरी शहराच्या विमानतळावर जावें लागे. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं संस्थेनें अँडरसन यांना बोलावून घेतलें. विद्यार्थी त्यांना ‘चीफ’ म्हणूं लागले, आणि १९९६ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत तेंच त्यांचें नांव राहिलें. ज्याला कोणी शिकविलें नाहीं, तोच पुढें शेंकडों तरुणांचा गुरु झाला.

परंतु नागरी परवाना ही एक गोष्ट, आणि लष्करी गणवेष ही दुसरी. कृष्णवर्णीयांचीं वृत्तपत्रें व संघटना विमानदलाचें दार ठोठावीतच होत्या. हॉवर्ड विद्यापीठाच्या यॅन्सी विल्यम्स या विद्यार्थ्यानें तर प्रवेश मिळावा म्हणून सरळ सरकारवर दावा लावला. त्याच वेळीं, म्हणजे १६ जानेवारी १९४१ रोजीं, युद्धखात्यानें जाहीर केलें कीं, कृष्णवर्णीयांचें एक लढाऊ विमानपथक उभारण्यांत येईल व त्याच्या वैमानिकांचें शिक्षण टस्कीगी येथें होईल. हेंच पुढें प्रसिद्धीस आलेलें ९९ वें पथक. २२ मार्च १९४१ रोजीं त्याची स्थापना झाली. विमानांची देखभाल करणाऱ्या यंत्रज्ञांचें शिक्षण मात्र प्रथम उत्तरेकडे, इलिनॉय राज्यांतील शॅन्यूट येथील तळावर सुरूं झालें.

ही घोषणा ऐकून सर्वांनाच आनंद झाला असेल असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. त्या वेळीं युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार म्हणून विल्यम हेस्टी हे काम पाहत होते. हे स्वतः कृष्णवर्णीय, कायद्याचे गाढे पंडित, आणि पूर्वी न्यायाधीशाच्या आसनावर बसलेले. त्यांचें म्हणणें असें कीं, आकाशांत उडण्याची विद्या एकच आहे. ती शिकविणारे तळ देशांत आधींच आहेत. मग कृष्णवर्णीय तरुणांसाठीं निराळा तळ बांधण्याचें कारण काय? कारण एवढेंच कीं, गोऱ्या मुलाशेजारीं त्यांना बसूं द्यावयाचें नाहीं. असा तळ स्वीकारणें म्हणजे आपल्या हातानें आपल्या कमीपणावर सही करणें होय. त्यांतहि हा तळ दक्षिणेंत, जेथें आगगाडीचे डबे, उपाहारगृहें आणि पाण्याचे नळसुद्धां वर्णाप्रमाणें वांटलेले होते, अशा प्रांतांत!

टस्कीगी संस्थेच्या चालकांचें मत निराळें होतें. दार किलकिलें झालें आहे, तेवढ्यांत पाऊल घातलें नाहीं तर तें पुन्हां लागेल आणि १९२५ चा अहवालच खरा ठरेल, असें त्यांना वाटे. शिवाय त्यांच्यापाशीं जमीन होती, अभियांत्रिकीचे शिक्षक होते, आणि वर्षांतील बहुतेक दिवस उड्डाणास योग्य अशी हवाहि होती. दोन्हीं बाजूंना प्रामाणिक माणसें होतीं, हें मुद्दाम लक्षांत ठेवावें. इतिहास सांगतांना आपण एका बाजूला शहाणे व दुसऱ्या बाजूला आडमुठे अशी वांटणी करून टाकतों. येथें ती करतां येत नाहीं.

मार्चच्या अखेरीस एक लहानशी पण बोलकी घटना घडली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीच्या भेटीला आल्या होत्या. अँडरसन यांच्या विमानांत बसून आपण एक फेरी मारणार, असें त्यांनीं २९ मार्च रोजीं जाहीर केलें. बरोबरच्या संरक्षकांची पांचावर धारण बसली. पण बाईंनीं कोणाचें ऐकलें नाहीं. अर्ध्या तासाहून अधिक वेळ अँडरसन यांनीं त्यांना आपल्या चिमुकल्या विमानांतून फिरवून आणिलें. हसतमुखानें मागच्या आसनावर बसलेल्या बाई आणि पुढें अँडरसन, असें छायाचित्र देशभर पसरलें. या फेरीमुळें पथकाची स्थापना झाली असें कित्येकदां सांगतात, तें बरोबर नाहीं; पथकाचा निर्णय त्यापूर्वींच झाला होता. परंतु एक गोष्ट खरी कीं, ज्युलियस रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्तमंडळावर त्या होत्या, आणि त्या निधीनें टस्कीगी संस्थेला विमानतळ बांधण्यासाठीं १,७५,००० डॉलरांचें कर्ज दिलें.

त्या पैशांतून जो तळ उभा राहिला, त्याचें नांव मोटन फील्ड. संस्थेचे दुसरे अध्यक्ष रॉबर्ट रूसा मोटन नुकतेच, १९४० सालीं, निवर्तले होते; त्यांचें नांव त्याला दिलें. बांधकाम चालू असतांना पावसानें खोळंबा केला. तेव्हां वेळेवर शिक्षण सुरूं व्हावें म्हणून संस्थेंतील कारागीर व मजूर मदतीला धांवले. याशिवाय सैन्यानें स्वतःचा मोठा तळ बांधावयास घेतला. त्याचा आराखडा हिलयार्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदानें केला, आणि बांधण्याचें काम नॅशव्हिलच्या ‘मॅकिसॅक आणि मॅकिसॅक’ या कृष्णवर्णीय बंधूंच्या कंपनीकडे आलें. त्या काळांत अशा कंपनीला एवढें मोठें लष्करी काम मिळणें ही नवलाची गोष्ट होती. झाडी तोडून, टेकाडें सपाट करून धांवपट्ट्या काढल्या. विमानांच्या छपऱ्या, बराकी, रुग्णालय, प्रार्थनामंदिर, अशी एक वसाहतच तेथें वसली.

शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. प्रथम भूमीवरचे पाठ : हवामान, दिशाशोधन, विमानाची रचना व लष्करी शिस्त. मग मोटन फील्डवर प्राथमिक उड्डाण. येथें दुहेरी पंखांचें, उघड्या आसनांचें स्टिअरमन जातीचें विमान वापरीत. एका आसनावर शिक्षक, दुसऱ्यावर विद्यार्थी. या पायरीवरचे शिक्षक बहुतांशीं कृष्णवर्णीय नागरिकच होते, आणि त्यांचे प्रमुख होते चीफ अँडरसन. एके दिवशीं शिक्षक विमानांतून खालीं उतरत आणि विद्यार्थ्याला एकट्यानेंच जावयास सांगत. ती एकट्याची पहिली फेरी ज्याला साधली, तोच पुढें. त्यानंतर लष्करी तळावर आणखी दोन पायऱ्या. प्रत्येक सुमारें नऊ-दहा आठवड्यांची. तेथें विमानें अधिक जड व अधिक वेगवान असत. रात्रीचें उड्डाण, ढगांत केवळ यंत्रांवर नजर ठेवून केलेलें उड्डाण, रांगेनें उडणें आणि नेमबाजी, हें सारें तेथें शिकवीत. पण येथले लष्करी शिक्षक आरंभीं गोरेच होते. छातीवर वैमानिकाचे चांदीचे पंख लागल्यावर मग खरें लढाऊ विमान, पी-४०, हातीं येई.

पहिल्या तुकडींत जुलै १९४१ मध्यें तेरा जण दाखल झाले. मार्च १९४२ मध्यें त्यांतले पांच उत्तीर्ण झाले. त्यांत एक होते कॅप्टन बेंजामिन ओ. डेव्हिस. यांची पूर्वपीठिका ऐकण्यासारखी आहे. वेस्ट पॉइंट येथील सुप्रसिद्ध सैनिकी विद्यालयांत ते चार वर्षें होते, आणि त्या चार वर्षांत त्यांच्या सहाध्यायांनीं कामापुरतें सोडून त्यांच्याशीं शब्दहि बोलावयाचें नाहीं असा बहिष्कार पाळला. खोलींत सोबती नाहीं, जेवणांत बोलणें नाहीं. अशा स्थितींत हा तरुण १९३६ सालीं २७६ जणांत पस्तिसावा येऊन बाहेर पडला. विमानदलांत जाण्याचा त्यांचा अर्ज मात्र, कृष्णवर्णीयांचें पथकच नाहीं, या कारणास्तव फेटाळला गेला होता. तें पथक निघालें तेव्हां त्याचें नेतृत्व करावयास याहून योग्य मनुष्य मिळाला नसता.

तळावरचें जीवन सुखाचें नव्हतें. देशासाठीं प्राण द्यावयास आलेल्या तरुणांना तेथें भोजनगृहापासून शौचगृहापर्यंत गोऱ्यांसाठीं व काळ्यांसाठीं अशा पाट्या वाचाव्या लागत. गांवांतील गोऱ्या रहिवाशांचा तर या तळाला आरंभापासून विरोध होता. सशस्त्र कृष्णवर्णीय शिपाई त्यांच्या डोळ्यांत खुपत. १९४२ च्या अखेरीस तळाचें प्रमुखपद नोएल पॅरिश यांच्याकडे आलें. हे केंटकी राज्यांतील गोरे अधिकारी, आणि आरंभापासून येथील शिक्षणक्रमावर देखरेख करणारे. माणसाला त्याच्या उड्डाणावरून जोखावें, एवढा साधा नियम त्यांनीं पाळला. पाट्यांचा जाच त्यांनीं कमी केला, आणि लेना हॉर्न यांच्यासारख्या नामवंत कलावंतांचे कार्यक्रम तळावर होऊं लागले. भेदाचा कायदा त्यांना मोडतां आला नाहीं. पण एका न्यायी अधिकाऱ्यामुळें अन्यायी व्यवस्थेंतहि माणसांचा दिवस किती सुसह्य होतो, हें तेथें दिसून आलें.

आणि तरीहि, श्रोतेहो, हेस्टी यांचा आक्षेप खोटा नव्हता. तो दिवसेंदिवस खराच ठरत गेला. कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांसाठीं साऱ्या देशांत शाळा एकच. गोरा उमेदवार एका तळावर जागा नसेल तर दुसऱ्या तळावर जाई. कृष्णवर्णीय उमेदवार महिनेच्या महिने आपली पाळी येण्याची वाट पाहत बसे. तळावर दाटी झाली. ९९ वें पथक सज्ज होऊनहि त्याला कोठें पाठवावें हें ठरेना. तें टस्कीगीहून निघालें तें एकदम एप्रिल १९४३ मध्यें. पुढें रणांगणावर याचा परिणाम प्राणावर बेतणारा झाला. गोऱ्या वैमानिकाला साधारणपणें पन्नास मोहिमा झाल्या कीं घरीं जावयास मिळे. टस्कीगीच्या वैमानिकांना मागून बदली मनुष्यच येत नसल्यानें सत्तर-सत्तर मोहिमा कराव्या लागल्या. हा भेद मनाला लागणारा तर होताच. शिवाय तो युद्धाच्या हिशेबानेंहि वेडेपणाचा होता. विमानदलाच्या या धोरणाचा निषेध म्हणून हेस्टी यांनीं जानेवारी १९४३ मध्यें आपल्या पदाचा राजीनामा दिला.

रणांगणाची कथा येथें विस्तारानें सांगावयास वेळ नाहीं. पण तळाच्या कामाची पारख तेथेंच झाली, म्हणून थोडेंसें सांगतों. जून १९४३ मध्यें ९९ व्या पथकानें भूमध्यसमुद्रांतील पँटेलेरिया बेटावरील हल्ल्यांत प्रथम भाग घेतला. २ जुलै रोजीं चार्ल्स हॉल यांनीं पथकाच्या वतीनें शत्रूचें पहिलें विमान पाडलें. इतक्यांत वरिष्ठांकडून या पथकाविरुद्ध अहवाल गेला कीं, हे लोक लढाईंत कमी पडतात, यांना आघाडीवरून काढावें. जणूं १९२५ चीच पोथी कोणी पुन्हां वाचली! डेव्हिस स्वतः वॉशिंग्टनला गेले व समितीसमोर शांतपणें वस्तुस्थिति मांडून आले. युद्धखात्यानें आंकडे तपासले तेव्हां आढळलें कीं, त्याच जातीचीं विमानें वापरणाऱ्या इतर पथकांच्या मानानें ९९ वें पथक कोठेंहि उणें नाहीं. जानेवारी १९४४ च्या अखेरीस इटलींतील अँझिओ येथें या पथकानें दोन दिवसांत शत्रूचीं दहाहून अधिक विमानें पाडलीं. त्यानंतर तो प्रश्न कोणी काढला नाहीं.

पुढें टस्कीगीहून आलेलीं आणखी तीन पथकें व हें पथक मिळून डेव्हिस यांच्या हाताखालीं ३३२ वा लढाऊ गट झाला. बाँबफेकी विमानांना शत्रूच्या मुलुखावर सोबत करणें हें त्याचें मुख्य काम. त्यांच्या विमानांचीं शेंपटें तांबडीं रंगविलेलीं असत. त्यांनीं सोबत केलेलें एकहि बाँबफेकी विमान शत्रूनें पाडलें नाहीं, अशी कथा पुष्कळ वर्षें सांगितली गेली. अलीकडे विमानदलाच्याच इतिहाससंशोधकांनीं दप्तरें तपासून ती खरी नसल्याचें दाखविलें आहे : अशीं सुमारें सत्तावीस विमानें पडलीं. परंतु त्याच प्रकारचें काम करणाऱ्या इतर गटांची सरासरी सेहेचाळीस होती. मला ही दुरुस्ती अधिक मोलाची वाटते. चमत्कार करणाऱ्यांनाच समान हक्क द्यावा, असा नियम कोठेंहि नाहीं. हे तरुण चमत्कारी नव्हते. ते आपल्या कामांत निष्णात होते, आणि तेवढें पुरेसें असावयास हवें होतें.

या विद्यालयाचें शिक्षण केवळ उड्डाणाचें नव्हतें, हें एप्रिल १९४५ मध्यें दिसलें. येथून गेलेले पुष्कळ वैमानिक ४७७ व्या बाँबफेकी गटांत होते, आणि तो गट इंडियाना राज्यांतील फ्रीमन फील्ड या तळावर होता. तेथें अधिकाऱ्यांचें मनोरंजनगृह गोऱ्यांसाठीं निराळें ठेवलें होतें. कृष्णवर्णीय अधिकारी निःशस्त्र, शांतपणें, थोडेथोडे करून त्यांत शिरले, आणि त्यांना अटक झाली. मग हा भेद आम्हांस समजला व मान्य आहे, अशा अर्थाच्या कागदावर सही करण्याचा हुकूम निघाला. युद्धकाळीं वरिष्ठांचा हुकूम मोडणें म्हणजे प्रसंगीं मृत्युदंड, हें ठाऊक असूनहि एकशेंएक अधिकाऱ्यांनीं सही केली नाहीं. ओटीवरच्या पानावर बसूनच त्यांनीं विद्या घेतली होती. पण आपली जागा ओटीवरच आहे, असें लिहून द्यावयास त्यांनीं नकार दिला. हेस्टी यांनीं राजीनाम्यानें जें सांगितलें, तेंच या तरुणांनीं कोऱ्या सोडलेल्या सहीच्या जागेनें सांगितलें.

युद्ध संपलें. टस्कीगीची शेवटची तुकडी जून १९४६ मध्यें बाहेर पडली. तोंपर्यंत सुमारें एक हजार वैमानिक तेथें तयार झाले होते. त्यांपैकीं साडेतीनशेंच्या वर परदेशीं लढावयास गेले व साठांहून अधिक परत आले नाहींत. याखेरीज यंत्रज्ञ, परिचारिका, हवामानाचे जाणकार आणि कारकून असे हजारों स्त्रीपुरुष त्या तळाशीं संबंधित होते. त्यांच्यावांचून एकहि विमान उडालें नसतें. २६ जुलै १९४८ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीं सैन्यांतील वर्णभेद दूर करण्याची आज्ञा काढली, आणि १९४९ सालीं विमानदलानें वेगळीं पथकें मोडण्यास सुरुवात केली. हें सारें टस्कीगीमुळेंच झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासारख्या नेत्यांचें आंदोलन आणि मतपेटीचा हिशेब हींहि कारणें होतीं. परंतु कृष्णवर्णीय मनुष्य लढाऊ विमान चालवूं शकत नाहीं, हें कारण यापुढें कोणालाहि सांगतां येईना.

आतां तो तळ कसा आहे? लष्कराच्या मोठ्या तळाची ती वसाहत मोडली. विमानांचा घरघराट जाऊन तेथें पुन्हां झाडाझुडपांचें राज्य झालें. मोटन फील्डवर गांवाचा लहानसा विमानतळ चालू राहिला. तेथील विमानांची एक छपरी १९८९ सालीं आगींत गेली. नोव्हेंबर १९९८ मध्यें अमेरिकन सरकारनें ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली. पहिली छपरी दुरुस्त करून २००८ सालीं लोकांसाठीं उघडली, आणि जळालेली छपरीहि पुन्हां बांधून काढली. डेव्हिस यांना १९९८ सालींच चार ताऱ्यांचा सेनापतीचा दर्जा मिळाला. २००२ सालीं ते वारले. २९ मार्च २००७ रोजीं, एलिनॉर बाईंच्या त्या फेरीला बरोबर सहासष्ट वर्षें झालीं त्या दिवशीं, टस्कीगीच्या हयात वैमानिकांना बोलावून अमेरिकेच्या काँग्रेसचें सुवर्णपदक देण्यांत आलें. तोंवर त्यांतले बहुतेक ऐंशीच्या पुढें गेले होते.

मग आरंभीं काढलेल्या प्रश्नाचें उत्तर काय? अपमानाची अट घालून दिलेला हक्क घ्यावा, कीं नाकारावा? टस्कीगीचा इतिहास पाहतां मला असें वाटतें कीं, एकाच माणसानें दोन्हीं करावें अशी अपेक्षा धरूं नये. पण समाजांत दोन्हीं करणारे असावे लागतात. सारेच उठून गेले असते, तर १९२५ च्या अहवालाला उत्तर देणारा एकहि वैमानिक निर्माण झाला नसता. आणि सारेच मुकाट्यानें बसले असते, तर ओटीवरचें तें पान कायमचेंच झालें असतें. आपण फारच उदार झालों अशी यजमानाची समजूत होऊन तो सुखानें झोंपला असता. अँडरसन व डेव्हिस यांनीं विद्या घेतली. हेस्टी यांनीं पद सोडलें. आणि फ्रीमन फील्डवरच्या तरुणांनीं घेतलेल्या विद्येच्या बळावरच सही नाकारली.

सामान्यतः शाळा बंद पडली म्हणजे आपणांस वाईट वाटतें. टस्कीगीची ही लष्करी शाळा बंद पडली याचें वाईट वाटावयास नको. पुढें जेव्हां कृष्णवर्णीय मुलगा देशांतल्या कोणत्याहि विमानशाळेंत इतरांच्या शेजारीं बसून शिकूं लागला, तेव्हांच तिचें काम पुरें झालें. ती मोटन फील्डची धांवपट्टी मात्र राखून ठेविली आहे, हें योग्यच झालें. पंगत एक झाल्यावरहि, एके काळीं कोणाचीं पानें कोठें मांडलीं होतीं, हें घरांतल्या पुढच्या पिढीला ठाऊक असलेलें बरें.